एकाच स्लॅबमधल्या दोन फरश्या: पॉलिशआधीच्या तयारीचं एक प्रकरण

परिस्थिती

जागा म्हणजे २४ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब जुनं गोदाम. फरशी ७२० चौ. मी. जमिनीवर थेट ओतलेला १५० मिमी जाडीचा काँक्रीटचा स्लॅब, त्यात ४ मी × ५ मी चौकटीत करवतीने पाडलेले जॉइंट. यातल्या ४८० चौ. मी. भागात रॅक होते आणि फोर्कलिफ्ट फिरत होती. तिथे इपॉक्सीचा पातळ रंग. उरलेल्या २४० चौ. मी.मध्ये कार्यालय होतं; तिथे काळ्या चिकटद्रव्यावर बसवलेल्या व्हिनाइल टाइल्स. रॅक हलवल्यावर अँकर बोल्टची खुंटं जागोजाग वर राहिलेली.

मालकाला हवं होतं ते असं: सगळी फरशी एकसारखी दिसावी, वाळूचे कण उघडे पडतील इतपत घासलेली असावी, म्हणजे ज्याला या कामात सॉल्ट-पेपर म्हणतात तेवढी, आणि पुढे ८०० ग्रिटपर्यंत (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका घासणारा कण बारीक) पॉलिश व्हावी. पॉलिशचं काम नंतरच्या टप्प्यात. या लेखात फक्त तयारी आहे: पहिल्या तपासणीपासून डेन्सिफायर, म्हणजे काँक्रीट घट्ट करणारं द्रव रसायन, मुरेपर्यंत. पॉलिश केलेल्या फरशीत दिसणारे बहुतेक दोष याच टप्प्यात तयार होतात. रेझिन पॅड, म्हणजे पॉलिशची बारीक चकती, फरशीला चमक देतो; खोल ओरखडा, राहिलेला रंग, सुटलेला पॅच यांपैकी काहीही तो दुरुस्त करत नाही. उलट चमक जितकी वाढते तितके ते जास्त उठून दिसतात.

मशीन लावण्याआधीची तपासणी

पहिली गोष्ट चिकटद्रव्याची. जुन्या इमारतींमधल्या व्हिनाइल टाइल्समध्ये आणि त्यांच्याखालच्या काळ्या डांबरी चिकटद्रव्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते रंगावरून, वासावरून किंवा अनुभवावरून ओळखता येत नाही. म्हणून टाइलचा आणि चिकटद्रव्याचा वेगवेगळा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अहवाल येईपर्यंत त्या भागात खरवडणीसुद्धा झाली नाही. इथे दोन्ही नमुने निर्धोक निघाले. अहवाल उलटा आला असता तर ग्राइंडरचा विचारच करायचा नव्हता. तो भाग ॲस्बेस्टॉस काढण्याचा परवाना असलेल्या लोकांकडे द्यावा लागला असता. या एका तपासणीला पर्याय नाही.

मग कठीणपणा. मोह्स मोजपट्टीवरच्या (१ सर्वात मऊ, १० म्हणजे हिरा) ओरखडा काढायच्या पेन्सिली यासाठी वापरतात. मऊ टोकापासून सुरू करायचं आणि ज्या टोकाने पहिल्यांदा खरा ओरखडा उठतो तो आकडा लिहायचा. इथे दोन चुका सर्रास होतात. रंगावर किंवा घोटलेल्या वरच्या कातडीवर चाचणी घेतली तर आकडा काँक्रीटचा येत नाही. आणि टोक खडीवर पडलं तर तो दगडाचा येतो. म्हणून हातमशीनने तळहाताएवढे तुकडे आधी घासून घेतले आणि खडी टाळून सिमेंटच्या भागावर चाचणी केली. रॅकच्या भागात ६ ते ७ असा आकडा आला, कार्यालयाच्या भागात ४ च्या आसपास.

एकाच स्लॅबमध्ये एवढा फरक का? रॅकच्या भागात फोर्कलिफ्ट फिरणार हे आधीपासून ठरलेलं, त्यामुळे तिथे पॉवर ट्रॉवेलने काळपट चकाकी येईपर्यंत घोटाई झाली होती. कार्यालयाच्या भागावर टाइल्स येणार होत्या, म्हणून तिथलं काँक्रीट थापीने नुसतं सपाट करून सोडलेलं. घोटाई न झाल्याने वर आलेल्या पाण्यासकट सिमेंटचा थर कमकुवत राहिला. पूर्ण कामाची आखणी या दोन आकड्यांवर झाली.

पोकळ भाग शोधायला साखळी ओढली आणि जॉइंटच्या कडांना हातोडीने ठोकून पाहिलं. कार्यालयाच्या भागात कधीतरी ओतलेल्या लेव्हलिंग मिश्रणाचे दोन तुकडे पोकळ वाजले. ते काढायचे ठरले. असा तुकडा चांगला चिकटलेला असला तरी त्यावर पॉलिश वेगळं दिसतं, आणि पोकळ असेल तर जड मशीनखाली तो पॉलिशच्या मधल्याच पायरीवर उडतो.

सपाटी ३ मीटरच्या सरळ पट्टीने पाहिली. बहुतेक ठिकाणी फट ३ मिमीच्या आत होती; रॅकच्या भागातल्या एका चौकटीत मात्र ४ मिमीचा खोलगट भाग निघाला. त्याचा त्रास पुढे झालाच.

ओलाव्याची चाचणी कोटिंगसाठी जितकी निर्णायक असते तितकी पॉलिशसाठी नसते, कारण वर पाणी अडवणारा थर येत नाही. तरीही टाइल्सखाली वर्षानुवर्षं कोंडलेला ओलावा वर आला की पांढरे क्षार फुटतात, म्हणून चाचणी टाळली नाही. एएसटीएम एफ २१७० या अमेरिकी मानकाच्या पद्धतीत स्लॅबमध्ये भोक पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजतात. स्लॅब एकाच बाजूने वाळत असेल तर भोकाची खोली जाडीच्या ४० टक्के, म्हणजे इथे ६० मिमी. पहिल्या १०० चौ. मी.साठी ३ आणि पुढच्या प्रत्येक १०० चौ. मी.साठी १ या हिशेबाने १० भोकं झाली. कार्यालयाच्या भागातले आकडे चढे होते. त्यावर उपाय साधा: टाइल्स आधी काढून तो भाग उघडा ठेवायचा आणि कामाची सुरुवात रॅकच्या बाजूने करायची.

किती खोल जायचं

हा निर्णय बोलण्यावर सोडता येत नाही. दोन्ही भागांत ३ मी × ३ मीचे नमुने पूर्ण पायऱ्यांनी घासून मालकाला दाखवले. वरची साय, म्हणजे निव्वळ सिमेंटचा पातळ थर, जेमतेम काढली तर फरशीवर ढगाळ डाग राहतात. साधारण १.५ मिमी काढलं की वाळूचे कण दिसतात. ३ मिमीच्या पुढे मध्यम खडी उघडी पडू लागते आणि ६ मिमीच्या आसपास मोठी खडी.

खोलीचा खर्च नुसता वेळेत मोजू नये. ७२० चौ. मी.वरून १.५ मिमी काढायचं म्हणजे १.०८ घनमीटर काँक्रीट, साधारण २.६ टन धूळ. ३ मिमी काढायचं ठरलं तर ५.२ टन. ही धूळ व्हॅक्यूममधून जाते, पिशव्यांत भरते, माणसांच्या हातून उचलली जाते. पिशवीत २० किलो धरले तरी १.५ मिमीच्या कामाला १३० पिशव्या लागतात. हा आकडा समोर ठेवल्यावर खोलीबद्दलची चर्चा लवकर संपते.

कार्यालयाच्या नमुन्यात आणखी एक गोष्ट दिसली. टाइल्सच्या सांध्यांच्या रेषा ३०० मिमीच्या जाळीसारख्या काँक्रीटवर उतरलेल्या होत्या. पुसायचं पाणी सांध्यांतून खाली झिरपत राहतं आणि तिथल्या काँक्रीटचा रंग बदलतो. १.५ मिमीवर बहुतेक रेषा गेल्या, काही पुसट राहिल्या. त्या पूर्ण घालवायला किती खोल जावं लागेल हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, आणि त्यांच्यामागे लागून मोठी खडी उघडी करणं म्हणजे दुसरीच फरशी करणं. नमुन्यावर मालकाची सही घेतली गेली ती या पुसट रेषांसकट. सही न घेता पुढे जाणारे कंत्राटदार काम संपल्यावर याच रेषांवरून वाद घालत बसतात.

टाइल्स, चिकटद्रव्य आणि रंग काढणं

टाइल्स पात्याच्या खरवडणी मशीनने निघाल्या. खाली राहिलेलं चिकटद्रव्य खाचांच्या थापीने पसरलेलं, उंचसखल रेघांचं. यावर नेहमीचे मेटल बाँड हिरे, म्हणजे धातूत हिऱ्याचे कण बसवलेले घासणीचे तुकडे (सेगमेंट), चालत नाहीत. घर्षणाच्या उष्णतेने चिकटद्रव्य वितळतं, सेगमेंटवर लेपासारखं बसतं आणि हिऱ्याचा कण काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. मशीन फिरत राहतं आणि काळा थर फक्त पसरत जातो.

इथे पीसीडी, म्हणजे हिऱ्याच्या मोठ्या तुकड्याची धार बसवलेले सेगमेंट, योग्य. ते घासत नाहीत, सोलतात. दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. पीसीडीला डावी-उजवी दिशा असते. मशीनचं डोकं उलट फिरत असेल तर धार मागे पडते, सोलणं थांबतं आणि महागडे तुकडे उडतात. दुसरं, पीसीडी खोल ओरखडे पाडतात. मऊ काँक्रीटवर ते सरळ आत घुसतात. म्हणून इथे पीसीडीसोबत आधार देणारे मेटल सेगमेंट असलेला संच लावला, मशीनवरचं जादा वजन काढलं आणि एका जागी मशीन क्षणभरही थांबू दिलं नाही. काळ्या थराचा शेवटचा अंश पीसीडीने काढायचा मोह आवरला; ठिपक्यांसारखा उरलेला भाग पुढच्या १६/२० ग्रिटच्या मेटल सेगमेंटवर सोडला. शेवटचा ठिपका निघेपर्यंत पीसीडी चालवली की ओरखडे इतके खोल जातात की ते काढताना खडी उघडी पडते.

रॅकच्या भागातला इपॉक्सी रंग पातळ होता. त्यासाठी पीसीडी लागली नाही. १६/२० मेटलनेच रंग आणि घोटलेली कातडी एकत्र निघाली. रंगाचा एक फायदा असतो आणि तो नीट वापरावा: मशीनच्या दोन फेऱ्यांनंतर जिथे रंग उरतो तिथे फरशी खोल आहे. सरळ पट्टीने सापडलेला ४ मिमीचा खोलगट भाग असाच रंगाच्या मोठ्या डागासारखा समोर आला.

त्याचं काय करायचं यावर तीन मार्ग होते. आजूबाजूचा सगळा भाग ४ मिमी उतरवायचा, म्हणजे त्या चौकटीत मध्यम खडी दिसणार. हातमशीनने खोलगटातला रंग काढायचा, म्हणजे बशीसारखा खड्डा आणखी खोल होणार आणि पॉलिशनंतर त्यात दिव्यांचं प्रतिबिंब वाकडं पडणार. तिसरा मार्ग निवडला: छोट्या एका डोक्याच्या मशीनने, हलक्या वजनावर, रंग जाईल एवढंच घासायचं, कडा दीड-दोन मीटरपर्यंत पसरवत न्यायच्या आणि तिथे वाळू कमी दिसेल हे मान्य करायचं. त्या चौकटीत साय थोडी जास्त राहिली. ४ मिमीच्या खोलगटाचं हेच प्रामाणिक उत्तर आहे. लेव्हलिंग मिश्रणाने तो भरला असता तर पॉलिशमध्ये वेगळ्या रंगाचा तुकडा कायम दिसला असता.

सेगमेंटची निवड

मेटल सेगमेंटमध्ये हिऱ्याचे कण धातूच्या मिश्रणात, म्हणजे बाँडमध्ये, धरलेले असतात. मिश्रण झिजतं तसा जुना बोथट कण गळून नवा वर येतो. हे झिजणं काँक्रीटच्या धुळीमुळे होतं. कठीण काँक्रीटची धूळ बारीक पिठासारखी, ती बाँडला फारशी झिजवत नाही. म्हणून तिथे मऊ बाँड लागतो. मऊ काँक्रीटमधून वाळू सुटी होऊन निघते आणि बाँडला भराभर खाते. तिथे कठीण बाँड. नवख्यांचा अंदाज नेमका उलटा असतो, आणि चुकीचा संच विकत घेतला जातो तो याच कारणाने.

रॅकच्या भागात सुरुवातीला मध्यम बाँडचा ३०/४० संच लावून पाहिला. काही मिनिटांत धूळ कमी झाली, मशीनचा आवाज घरघरीतून गुळगुळीत शिट्टीसारखा झाला, सेगमेंट काढून पाहिले तर पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत. याला सेगमेंट चकाकणं म्हणतात. हिरे बाँडच्या पातळीत गाडले गेलेले असतात. वजन वाढवून मशीन तसंच चालवणं हा सर्वात वाईट उपाय, कारण त्याने उष्णता वाढते आणि चकाकी पक्की होते. केलं ते असं: मऊ बाँडचा संच घेतला, प्रत्येक डोक्यावरचे सेगमेंट अर्धे केले म्हणजे उरलेल्या प्रत्येकावर दाब दुप्पट, डोक्याचा वेग कमी केला. चकाकलेले जुने सेगमेंट धारदार वाळू टाकलेल्या खडबडीत काँक्रीटवर फिरवून उघडे केले आणि बाजूला ठेवले.

कार्यालयाच्या भागात उलट काळजी. तिथे कठीण बाँड, पूर्ण संख्येने सेगमेंट आणि दर ५० चौ. मी.नंतर व्हर्नियरने सेगमेंटची उंची. उंची वेगाने घटू लागली की समजायचं, पायरी मध्यावर असतानाच संच संपणार; आणि अर्ध्यात बदललेला संच दोन वेगळ्या पोताचे पट्टे सोडतो. दोन्ही भागांच्या सीमेवर मशीन एका बाजूच्या संचाने दुसऱ्या बाजूत अर्धा मीटर नेलं आणि दुसऱ्या संचाने तेवढंच उलट आणलं, म्हणजे सीमारेषा उमटली नाही.

भेगा, खुंटं, कडा आणि जॉइंट

दुरुस्त्या पहिल्या कटनंतर (कट म्हणजे एका ग्रिटने घासणं) आणि पुढच्या बारीक कटआधी केल्या. पहिल्या कटआधी केल्या तर खरा आकार दिसत नाही. शेवटी केल्या तर दुरुस्तीच्या द्रव्याचे डाग घासून काढायला मेटलची पायरीच उरत नाही.

अँकर बोल्टची खुंटं त्याआधीच, पहिलं मशीन फिरण्याच्या आधी, फरशीच्या साधारण १२ मिमी खाली कापली. वर राहिलेला पोलादाचा एक तुकडा हिऱ्याच्या पूर्ण संचाचं नुकसान करतो. खड्डे इपॉक्सी मॉर्टरने भरले. त्यात याच फरशीची चाळलेली धूळ आणि वाळू मिसळली, म्हणजे रंग जवळ जातो. तरीही इपॉक्सीत डेन्सिफायर मुरत नाही, त्यामुळे हे गोल ठिपके जवळून ओळखू येतील. तेही मालकाला नमुन्यात दाखवलं होतं.

भेगांना एकच उपाय लावणं चूक. जाळीसारख्या केसाएवढ्या वरवरच्या भेगा तशाच सोडल्या. त्या भरता येत नाहीत आणि पॉलिशमध्ये फारशा खुपत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक पण लांब भेगांमध्ये अतिशय पातळ रेझिन ओतलं, ते स्वतः उतरतं. अशी भेग ब्लेडने उघडली तर केसाची रेघ ६ मिमीचा पट्टा होऊन बसते आणि कायमची दिसते. रुंद, कडा ढासळलेल्या भेगाच डायमंड ब्लेडने उघडल्या आणि भरल्या. ब्लेड लावण्याआधी स्कॅनरने सळया आणि जाळीची खोली पाहिली.

जॉइंटच्या जिथे कडा फुटल्या होत्या, तिथे फुटक्या भागाभोवती सरळ उभा काप घेऊन चौकोन केला आणि मग भरला. पातळ होत जाणाऱ्या कडेपर्यंत मॉर्टर ओढलं तर ती कड ग्राइंडरखाली पहिल्यांदा उडते.

जॉइंटमध्ये अर्धकठीण पॉलियुरिया, म्हणजे ओतून घट्ट होणारा रेझिनचा फिलर. एकूण लांबी: ३० मीटरच्या ५ रेषा आणि २४ मीटरच्या ५ रेषा, मिळून २७० मीटर. कापाची खोली ३८ मिमी, रुंदी ४ मिमी. म्हणजे ४१ लिटर, आणि वाया जाणारं धरून ४६ ते ४७ लिटर. खोलीत काटकसर करू नये. वरचे १० मिमी भरून खाली फोमची दोरी ठेवली की चाकाखाली फिलर खाली दबतो आणि कडा पुन्हा फुटतात. जुना मळ आणि फिलर करवतीने पूर्ण काढून, दोन्ही भिंतींवर ताजं काँक्रीट दिसेपर्यंत साफ केलं. व्हॅक्यूमनंतर कापात ओलावा राहू दिला नाही. ओलसर भिंतीशी पॉलियुरियाची प्रतिक्रिया होऊन बुडबुडे उठतात. फिलर किंचित वर येईपर्यंत ओतला आणि उत्पादकाने दिलेल्या वेळेत धारदार पात्याने छाटला. फार लवकर छाटलं तर मधे खोलगट होतो, उशीर झाला तर पातं फाडत जातं. बाजूला सांडलेला फिलर पुढच्या ६०/८० कटमध्ये निघून गेला.

खांबांभोवतीचे आणि भिंतीलगतचे हालचालीचे जॉइंट यात नव्हते. ते बांधकामाला हलायला जागा देण्यासाठी असतात; त्यात कडक फिलर घातला तर ताण शेजारच्या काँक्रीटवर जातो. तिथे मऊ सीलंट, तोही सगळ्यात शेवटी.

तेलाचे डाग

फोर्कलिफ्ट चार्जिंगच्या कोपऱ्यात ६ चौ. मी. भाग दोन कारणांनी बिघडलेला होता: तेल झिरपलेलं आणि बॅटरीच्या आम्लाने वरचा थर खाल्लेला. आम्लाने सिमेंट विरघळतं, म्हणून तिथे खडी आधीच वर आली होती. याच कारणाने पॉलिश करायच्या फरशीवर ॲसिड वॉश कधीही नको. मागचा डाग जाईल आणि नवा, कायमचा, तयार होईल.

तेलासाठी क्षारीय डिग्रीझर, घासणी, ओलं व्हॅक्यूम, आणि मग शोषक पावडरीचा लेप रात्रभर. हे तीन वेळा. प्रत्येक वेळी पाण्याच्या थेंबाची चाचणी. चांगल्या घासलेल्या काँक्रीटवर थेंब पसरतो आणि मुरतो. तेलकट जागी मोती होऊन बसतो. तिसऱ्या फेरीनंतर थेंब मुरायला लागला, पण रंग गडदच राहिला. खोल गेलेलं तेल पूर्ण निघत नाही, आणि डेन्सिफायर मुरतो आहे एवढं पुरेसं मानून तिथे थांबलो.

छिद्रं आणि ग्राउट

पहिल्या कटनंतर, विशेषतः कार्यालयाच्या भागात, हवेची बारीक छिद्रं उघडी पडली. ती तशीच ठेवली तर पॉलिशमध्ये प्रत्येक छिद्रात मळ साचून काळा ठिपका दिसतो. सिलिकेट बेसचं ग्राउट पसरवून त्यावरच ६०/८० मेटल फिरवलं. निघणारी ताजी धूळ ओल्या ग्राउटमध्ये मिसळून छिद्रांत जाते. वाळल्यावर त्याच ग्रिटने पुन्हा एकदा घासून वरची पूर्ण झिल्ली काढली. झिल्ली उरली तर पुढचं पॉलिश काँक्रीटवर न होता ग्राउटच्या थरावर होतं, आणि वर्दळीत ते ठिकठिकाणी सोलून निघतं. ओल्या बोटाने घासून पाहावं: बोटाला पांढरा लगदा लागला तर झिल्ली अजून आहे.

ओरखडे एकेक पायरीने काढणं

क्रम १६/२०, ३०/४०, ६०/८०, १२०. पुढचा ग्रिट मागच्याच्या साधारण दुपटीपेक्षा फार पुढे नको. प्रत्येक पायरीची दिशा आधीच्या पायरीला काटकोनात. म्हणजे उलट्या दिशेचा ओरखडा दिसला की तो कुठल्या पायरीचा हे लगेच कळतं. फेऱ्यांमध्ये एक तृतीयांश ते अर्धी रुंदी एकमेकांवर.

तपासायला दोन साधनं पुरली: पेन्सिल आणि टॉर्च. प्रत्येक पायरीआधी फरशीवर तिरप्या पेन्सिलरेषा मारायच्या. मशीन फिरून गेल्यावर जिथे रेषा उरते तिथे हिरा टेकलाच नाही. आणि टॉर्च फरशीवर आडवी ठेवून उजेड कडेने टाकायचा. वरच्या दिव्यांत ओरखडे दिसत नाहीत. पीसीडीचा खोल ओरखडा ६०/८० नंतर पांढुरक्या धुळीत लपतो आणि ४०० ग्रिटला पुन्हा समोर येतो. तेव्हा मागे ३०/४० वर जाण्याशिवाय गत्यंतर नसतं. या प्रकरणात कार्यालयाच्या भागात चार ठिकाणी तो टॉर्चमध्ये ६०/८० आधीच सापडला आणि तिथे १६/२० ची फेरी पुन्हा घेतली.

दोन पायऱ्यांमध्ये व्हॅक्यूम, मग ओलसर मॉप. मागच्या ग्रिटचा एक सुटा कण पुढच्या डोक्याखाली आला तर गोलाकार ओरखडा काढत जातो.

कडेचं काम मोठ्या मशीनआधी, प्रत्येक ग्रिटला. १८० मिमीच्या हातमशीनने भिंतीलगत घासायचं आणि मग मोठं मशीन त्यावर चढवायचं. हातमशीनचा दाब छोट्या जागेत एकवटतो, ते खोल जातं आणि भिंतीभोवती खडीची चौकट उमटते. म्हणून कडेला एक पायरी बारीक ग्रिट आणि हात सतत हलता.

धूळ

ग्राउटची पायरी सोडली तर घासण्याचं पूर्ण काम कोरडं केलं, कारण ओल्या ग्राइंडिंगचा लगदा ताज्या साफ केलेल्या जॉइंटमध्ये आणि भेगांत शिरतो, शिवाय त्याचा पीएच १२ च्या आसपास असतो आणि तो नाल्यात सोडता येत नाही. पण कोरड्या कामाची अट कडक आहे. काँक्रीटच्या धुळीत श्वासाबरोबर फुप्फुसात जाणारी स्फटिकी सिलिका असते. ती कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे आणि सिलिकोसिस बरा होत नाही. अमेरिकेच्या ओशाने (कामगारांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) २०१६ साली आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरवली. डोळ्यांना हवा स्वच्छ दिसत असतानाही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. त्याच नियमावलीत हातमशीनसाठी चाकाच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला २५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा ओढण्याची अट आहे. १८० मिमी, म्हणजे ७ इंची चाकाला १७५ सीएफएम, साधारण ताशी ३०० घनमीटर. मोठ्या मशीनला वेगळं व्हॅक्यूम, आधी सायक्लोन (जाड धूळ वेगळी करणारं भांडं), नंतर हेपा फिल्टर (अतिबारीक कण अडवणारा). पिशव्या बदलणाऱ्यालाही मास्क हवाच. सगळ्यात जास्त धूळ त्याच क्षणी उडते. झाडू पूर्ण बंद.

डेन्सिफायर

घासलेल्या जागी फेनॉफ्थॅलिनचा, म्हणजे क्षारीय काँक्रीटवर गुलाबी होणाऱ्या द्रवाचा, थेंब टाकून पाहिला. कार्यालयाच्या भागात तो लगेच गडद गुलाबी झाला. टाइल्समुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथे पोचलाच नव्हता. म्हणजे मोकळा चुना शिल्लक होता, आणि सिलिकेट डेन्सिफायर त्याच्याशीच क्रिया करून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार करतो. म्हणून मऊ भागाला डेन्सिफायर दोनदा दिला: एकदा ३०/४० नंतर, म्हणजे पुढचे हिरे घट्ट पृष्ठभागावर चालतील, आणि दुसऱ्यांदा १२० नंतर. कठीण भागाला फक्त १२० नंतर एकदा.

प्रमाण नमुन्यावरून काढलं. १ लिटरला साधारण ५ ते १० चौ. मी. अशी व्याप्ती असते. इथे ६ चौ. मी. निघाली, म्हणजे १२० ग्रिटनंतरच्या पूर्ण फेरीला १२० लिटर. २० ते ३० मिनिटं फरशी ओली ठेवली, जिथे आधी कोरडी पडली तिथे पुन्हा फवारलं. जादा द्रव वाळण्याआधी ओढून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. डबक्यात वाळलेलं सिलिकेट पांढऱ्या काचेसारखं घट्ट बसतं आणि ते मेटलनेच काढावं लागतं.

पॉलिश सुरू होईपर्यंत फरशी बंद ठेवली. या अवस्थेत ती सगळं शोषते: पाइप कापण्याचं तेल, पडलेला खिळा आणि त्याचा गंज, चहा, चिकटपट्टीचा गोंद. झाकायचं असेल तर श्वास घेणारा कागद वापरायचा, प्लास्टिक नाही, कारण खाली अडकलेल्या ओलाव्याने ढगाळ डाग पडतात. आणि टेप फरशीला न लावता कागदाच्या दोन तुकड्यांना जोडायला. इतर कामगारांची शिडी, लोखंडी घोडी आणि रंगाचे डबे या काळात आत नकोत.